गाडी लागली

२ मे, धुळे

आलो एकदाचा! टेम्पोवाल्याने अकोल्यापासून इथपर्यंत माझं एकही खोकं आपटलं नाही, हा आजचा चमत्कारच. हमालाने विचारलं, एवढ्या जपून काय आणलंय. मी म्हटलं, गाड्या. तो खोक्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. बाहेर माझी खरी गाडी उभी होती, तिच्याकडेही बघून घेतलं त्याने.

देवपुरातलं हे घर मला बघताक्षणीच आवडलं. वरचा मजला, वेगळा जिना आणि उत्तरेला ही भलीमोठी खिडकी. गाड्या रंगवणाऱ्या माणसाला उत्तरेचा उजेड म्हणजे चैन आहे. खाली मालक राहतात, लोटन आबा आणि त्यांच्या पत्नी झुंबरबाई. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही तेच म्हणणार. कॉलेजात सध्या पेपर तपासणी तेवढी आहे, दुपारी मी मोकळा. बायको, पुनम, अजून अकोल्यातच आहे; तिच्या शाळेचं काम उरकलं की ती वीस-एकवीसच्या सुमारास रेल्वेने जळगावला उतरेल, तिथून मी तिला गाडीने आणायचं. तोवर हे सगळं टेबल माझं एकट्याचं!

५ मे

आज डोकं फिरलं. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, सर, तुम्ही म्हणे अजून खेळण्यांशी खेळता? सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येईपर्यंत मनात त्याला शिव्या घातल्या. खेळणं काय, खेळणं? खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान, पण बॉनेट उघडलं तर आत इंजिन, इंजिनाला वायरी. एकेक भाग कटरने सोडवायचा, घासायचा, प्राइमर, रंग, परत घासणं. त्यात हे धुळ्याचं ऊन. फवारलेला रंग गाडीवर बसायच्या आधी हवेतच वाळतो. मला राग लवकर येतो हे खरं. पुनम म्हणते तो नाकावरच बसलेला असतो, पण चहा होईपर्यंत उतरतोही.

अक्का शेवभाजी आणि भाकरी घेऊन वर आल्या. टेबलाजवळ कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. खेळणी म्हणाल्या नाहीत. एका गाडीचं दार नखाने हळूच उघडून बघितलं आणि विचारलं, भाऊ, मना आंडोरनी जीप बनाडी देशात का? त्यांचा मुलगा समाधान काळीपिवळी चालवायचा, धुळे ते पारोळा. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. मी लगेच हो म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या कामाला काम समजलं होतं.

८ मे

जीप झकास होते आहे. माझ्याकडे एक परदेशी लष्करी जीपचं किट पडून होतं. तिचं टप कापलं, प्लॅस्टिकच्या पत्र्याचं नवं केलं, वरचा कॅरिअर पितळी तारेचा वळवला. काळा रंग झाला, पिवळा वाळतोय. अक्का रोज दुपारी येऊन बसतात आणि सांगतात: डावा दिवा फुटलेला होता, आरशाला लाल गोंडा होता, मागच्या फळीवर ‘झुंबर’ लिहिलेलं होतं. आबांना हे पसंत नसावं. ते जिन्यातूनच एकदा वर डोकावले आणि तसेच खाली गेले.

आज अक्कांनी पदराखालून लाल रेक्झिनचा एक तुकडा काढला. जीप भंगारात गेली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटचा कापून ठेवलेला. मी हरखलोच! खऱ्या गाडीचं कापड मॉडेलमध्ये, असं नशीब कुणाला मिळतं? मागून घासून कागदाइतका पातळ केला, सीटवर बसवला, सुपरग्लूने पक्का केला. अक्का म्हणाल्या, आते बठी गया. मी समजलो, रेक्झिन नीट बसलं.

११ मे

दुपारी टेबलावर बसलो असताना मळमळायला लागलं. साधं नाही. खुर्ची डावीकडे झुकते, मग उजवीकडे. पोटात खड्डे. खिडकीबाहेर बघितलं तर समोरचं कडुनिंबाचं झाड जागेवरच होतं, तरी मला ते मागे जातंय असं वाटलं. मोरीत जाऊन ओकलो. अक्का दारात होत्या. म्हणाल्या, भाऊ, तुमले गाडी लागी गयी.

मला हसूही आलं आणि चीडही. प्रवासात लोकांना गाडी लागते, मी तर लाकडी खुर्चीत बसलोय, इथे कसली गाडी लागते? तसं म्हणालोही. त्या माझ्याकडे बघत होत्या, चेहरा आनंदाने फुललेला. मेडिकलमधून उलटीच्या गोळ्या आणल्या. थिनरचा वास डोक्यात गेला असणार.

१३ मे

आज मी एका म्हाताऱ्याला रस्त्यावर जवळजवळ उडवलं. सायकलवर होता, मधून चालला होता. हॉर्नवरून हात काढलाच नाही मी. काच खाली करून जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ते शब्द मला माहीत नव्हते. घरी आलो, चहा झाला, दुसरा झाला. राग उतरला नाही.

संध्याकाळी अक्का वर आल्या आणि जीपला हात लावायला लागल्या तसा मी खेकसलो, मन्ही गाडीले हात लावू नको! त्या जिन्यात जाऊन रडल्या. मी माफी मागायला मागोमाग गेलो, तर त्या रडताना हसत होत्या. मग खालून ताट आलं. दोन भाकरी जास्त, वर तूप, कांदा बुक्कीने फोडलेला. मी असा कांदा खात नाही. खाल्ला.

१५ मे

आबांना गाठलं. अक्का देवळात गेल्या होत्या. म्हटलं, खरं सांगा.

आबा ओट्यावर बसून सांगत होते, मान खाली घालून. समाधान घरात गरीब गाय होता, स्टिअरिंग हातात आलं की मात्र त्याचा तो राहायचा नाही. त्या दिवशी जळगावहून कुणाचं तरी लग्न आटोपून येत होता, सोबत त्याची बायको ज्योती. पारोळ्याच्या पुढे कुणीतरी त्याला कट मारून गेलं. एवढंच झालं. तो त्या गाडीच्या मागे लागला. ज्योती ओरडत होती, माले आठेच उतारी द्या. मागच्या गाडीतल्या लोकांनी ऐकलं ते. त्याने थांबवली नाही. जीप पुलाच्या कठड्याला धडकली. ज्योती जागेवरच गेली. हा संध्याकाळपर्यंत होता, आणि शुद्ध होती तोवर एकच विचारत होता, ती गाडी कुठे गेली.

मग आबांनी विचारलं, तुम्हाला गाडी लागी गयी असं आमची ही म्हणाली ना? मी म्हटलं, हो, मळमळत होतं. ते म्हणाले, सर, तुमच्याकडे गाडी लागली म्हणजे उलटी होते. आमच्याकडे बाहेरची हवा लागते, मेलेल्याची बाधा होते, तशी गाडी लागली असं ती म्हणाली.

मला इतका संताप आला की त्या म्हातारीचा गळा... तिला पोरगा हवा होता, म्हणून मला बसवला त्याच्या सीटवर! गोडगोड बोलून! आणि मी मूर्ख, सुपरग्लूने चिकटवून दिलं.

१६ मे

सकाळीच जीप फोडायला घेतली. हातोडी उचलली. हात खाली येईना. रेक्झिन चिमट्याने ओढलं तर निघेना. शेवटी आबांना हाक मारली. त्यांनी अंगणात रॉकेल टाकून पेटवली. प्लॅस्टिक वितळून काळा गोळा झाला, लाल तुकडा शेवटी जळला. अक्का ओट्यावरून बघत होत्या. मला वाटलं रडतील, आडव्या येतील.

त्या शांतपणे म्हणाल्या, गाडी जळनी. गाडीवाला थोडाच जळना.

१७ मे

मळमळ थांबली आहे. आता काही हलत नाही. ते जास्त वाईट वाटतंय.

पुनमचा फोन आला. एकवीसला येते आहे. मी तिला सांगणार होतो, मी येत नाही, तू बसने ये, स्टॅन्ड जवळच आहे. वाक्य ठरवून ठेवलं होतं, दोनदा मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. तोंडातून निघालं, मीच येस तुले लेवाले. ती हसली. म्हणाली, अहो, पंधरा दिवसांत खान्देशी झालात की!

पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच बोललो. राग येतोय. स्वतःचा, म्हातारीचा, पुनमच्या हसण्याचा... नाही, पुनमचा नाही. पुनमचा राग नाही मला. हे मी लिहून ठेवतो.

१९ मे

गाडीची चावी आबांना दिली. म्हटलं, कुलपात ठेवा, मी पाया पडलो तरी देऊ नका, मारलं तरी देऊ नका. त्यांनी माझ्यासमोर कपाटात ठेवली.

मेसेज करून बघितला. बसने ये, इतकंच. अंगठा ‘पाठवा’चं बटण दाबत नाही. आबांकडून फोन करवावा म्हणून खाली गेलो, तर आबांना अक्कांनी सकाळीच शिंदखेड्याला धाडलंय, लेकीकडे. कपाट उघडं शे.

शे लिहिलं मी? मला अहिराणी येत नाही. आहे. कपाट उघडं आहे. आहे आहे आहे.

२० मे

चावी माझ्या टेबलावर. शेजारी वाटीत शिरा. अक्का खालून सांगतात, सुनबाईले नीट लई ये, भाऊ.

आता परत हाक मारली. भाऊ नाही म्हणाल्या. बेटा म्हणाल्या—

नळाजवळ आरडाओरडा केला मी. कुणावर ते आठवत नाही. घसा बसलाय. तो कट मारणारा कोण होता? कुठे गेली ती गाडी? मला त्याचं काय— मला काय करायचंय—

२१ मे, जळगाव

स्टेशनच्या बाहेर आहे. कसा आलो माहीत नाही. पारोळा आठवत नाही, एरंडोल आठवत नाही. बंपरला डाव्या बाजूला काहीतरी घासलंय.

पुनम आली. शेजारी बसली आहे. हिरवी साडी. पाण्याची बाटली मांडीवर. मी तिला म्हणतोय उतर. म्हणतोय. तोंड हलतंय, आवाज वेगळं काही सांगतो आहे आणि ती मान डोलवते, हसते.

फक्त हात माझं ऐकतो, पेन धरलेला. लिहितोय तोवर तो स्टिअरिंगवर जाणार नाही. म्हणून लिहितोय. पुनम, हे वाच. माझ्याकडे बघू नको, इकडे बघ, वहीत बघ. दार उघड आणि उतर. बसने जा. अकोल्याला परत जा.

वाचत नाही ती. माझी रोजनिशी ती कधीच वाचत नाही, चांगली बाई आहे, न विचारता कधी—

समोरून एक पांढरी गाडी आडवी गेली. कट मारी गया. माले कट मारी गया—

नाही. लिही. लिही. पुनम उतर पुनम उतर पुनम

ती म्हणते, किती ऊन आहे हो, घरी गेल्यावर लिहा. इंजिन चालू आहे. मी केलं नाही. ती हसून पेन मागते आहे. देऊ नको. हात घट्ट— तिने पेनाचं टोक धरलंय, ओढते आहे, पुनम नको, ओढू नको, पु