परत येताना वर बघायचं

आप्पा,

नाही, मला अजून पटलेलं नाही. तुम्ही निघून गेलात म्हणून तुमचं बरोबर होत नाही. माणसानं एक हाक मारायची असते की! बारीकसारीक गोष्टीला पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, आणि नेमका त्या दिवशी गप्प बसला.

दोन वर्षं हे भांडण मनातल्या मनात चाललंय. आज कागदावर करतोय, कारण काल पमीचा फोन आला. येत्या रविवारी तिची हॉलमधली पहिली स्पर्धा आहे, कोल्हापुरात, त्याच राजारामपुरीच्या हॉलात. तुमची धाकटी लेक आता माझं बांबूचं धनुष्य धरते, ठाऊक आहे का तुम्हाला? मी त्या दिवसापासून त्याला हात लावलेला नाही. इथं तमिळनाडूत, सेलमला पैंजणाच्या कारखान्यात बसतो. हुपरीत तुम्ही शिकवलेलं काम, तेच.

तिनं विचारलं, "दादा, परत येताना फरशीच्या फटी मोजायच्या न्हवं? आप्पा सांगायचं तसं?"

नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला.

फटींची युक्ती तुमचीच. मी कसला नेमबाज! एका जागी ठरायचं माहीत नव्हतं, आठवीत शाळा सुटली ती त्यानंच. बाण सुटला की माझी मान मागं. शेवटच्या रांगेत तुम्ही मांडीवर डबा घेऊन बसलेले. तुमचं तोंड बघायचं, खूश आहात की नाही, आणि तेवढ्यात पुढचा बाण बिघडायचा. एक मधल्या पिवळ्यात, तर दुसरा थेट बाहेरच्या निळ्यात. धनुष्य शिकवणाऱ्या सरांनी हात टेकले होते. तुम्ही जन्मात धनुष्य धरलं नव्हतं, पण दुखणं तुम्हीच ओळखलंत.

"तीन बाण मारायचं, जाऊन काढून आणायचं. परत येताना मान खाली, फरशीच्या फटी मोजत यायचं. माझ्या थोबाडावर काय लिवलंय?"

आपल्या घरचा नियमच तो. फुंकणी तोंडात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. दारात पावणं येऊ देत, चुलीवर दूध उतू जाऊ दे, चांदीचा जोड बसून फुंकणी खाली ठेवेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. लहानपणी मी एकदा हाक मारली, तुमची ज्योत हलली आणि पैंजणाच्या चार कड्या वितळून गोळा झाल्या. तुम्ही मारलं नाहीत. गार झाल्यावर तो गोळा माझ्या मुठीत दिलात आणि दिवसभर तसंच बसवलंत.

म्हणून त्या दिवशी मी ठरवूनच गेलो, आज वर बघायचं नाही. वीस फेऱ्या, फेरीला तीन बाण. शिट्टी झाली की रेषेवर. श्वास घ्यायचा, दोरी हनुवटीला लावायची, सोडायची. गेला तो गेला. अठरा मीटर जायचं, अठरा मीटर फटी मोजत यायचं. एकोणतीस फटी, आप्पा. अजून पाठ आहेत.

दहाव्या फेरीनंतर माझ्यापुरता हॉल उरलाच नव्हता. हात, दोरी, फटी. तिन्ही बाण एका मुठीत धरता येतील इतके जवळ बसत होते. मी पहिल्यांदाच कुठंतरी ठरलो होतो.

आणि चौदाव्या फेरीला तुमच्या छातीत कळ आली.

हे पमीनं नंतर सांगितलं. अकरा वर्षांची पोर, तुमच्या शेजारी बसलेली. सगळ्या हॉलचे डोळे पुढं. तुम्हाला घाम फुटलेला बघून ती मला हाक मारायला उठली, तर तुम्ही तिचं मनगट धरलंत.

"बस खाली. फुंकणी तोंडात हाय त्याच्या."

शेवटच्या शिट्टीपर्यंत सोडलं नाहीत. वळ उठला होता तिच्या मनगटावर. तिला अजून वाटतं, हात हिसडून पळायला पाहिजे होतं. आणि मी? त्यानंतर सहा वेळा मी तुमच्याकडंच तोंड करून चालत आलो. सरळ तुमच्याकडं! एकदा मान वर केली असती तर दिसलं असतं की सगळं.

विसावी फेरी संपली तेव्हा वर बघितलं. तुम्ही खुर्चीत एका बाजूला कलला होता. पळत आलो. मला वाटलं, गुण विचाराल. तुम्ही हसलात. "आज वळला न्हाईस," एवढंच म्हणालात.

रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना यायच्या आधीच तुम्ही नव्हता.

गुणांचा कागद घ्यायला मी परत गेलो नाही. कितवा आलो, आजही माहीत नाही. आई म्हणते, ते सुखानं गेले. असलं सुख कुणी मागितलं होतं? मला तुम्ही पाहिजे होता, तोंडभर शिव्या देणारे.

आता माझं ऐका. आज पमीला फोन केला. म्हटलं, रेषेवर उभी राहिलीस की आप्पाचंच ऐकायचं, बाण सुटला की तो आपला नाही. पण बाण काढून परत येताना मान वर. दर फेरीला शेवटच्या रांगेत बघायचं.

ती म्हणाली, "तिथं कोण असंल?"

मी असेन. मालकाकडून चार दिवस सुट्टी घेतली आहे. तुमच्याच खुर्चीवर बसणार. माझं तोंड बघून तिचा एखादा बाण निळ्यात गेला तर जाऊ दे. तुमचा नियम मोडतोय, हे माहीत आहे. आणि मला काही झालं ना आप्पा, तर मी हाक मारणार. तिच्या हातातलं धनुष्य खाली पडेल अशी.

तुमचा,
बाळू

ता. क. माझे बाण पमीच्या हाताला लांब होतात. आईनं दोन वर्षांत त्या हॉलची पायरी चढलेली नाही, या वेळी तिला माझ्या शेजारी बसवणार. नव्या सहा बाणांचे आणि आईच्या हुपरीपासूनच्या रिक्षाचे मिळून आज पाठवतोय, चार हजार दोनशे.