छातीचा फोटो

पुणे, ५ जून २०२५

ती. नीलम्मा आत्यास ईश्वरीचा शरणार्थ. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, त्या कानांच्या कृपेने आपल्या घरात अजून टपाल येतं-जातं. बाबांना फोनवर सांगून झालं, पण तू स्वतः वाचल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीस, म्हणून हे पत्र. आत्या, स्कॉटलंडच्या विद्यापीठाने मला घेतलं! मातीचा अभ्यास, एक वर्ष. पंधरा सप्टेंबरला वर्ग सुरू होतात. आता सगळं व्हिसावर आहे.

त्यातली एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. त्या देशात सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आधी छातीचा फोटो काढावा लागतो. क्षय नाही असं सर्टिफिकेट असेल तरच अर्ज घेतात. कुठला कोण देश, पण मला दारात उभं करून आधी बरगड्यांच्या आत डोकावणार! त्यासाठी २८ तारखेला मुंबईला जायचंय.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ईश्वरी

युसूफ वडगाव, १४ जून २०२५

चि. ईश्वरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दुकानाच्या पायरीवर बसून तीनदा वाचलं. बाजाराचा दिवस होता. तुझ्या बापाने, महारुद्राने, गिऱ्हाइकाचे शेंगदाणे तराजूत तसेच ठेवले आणि फोनवर नकाशा काढून सगळ्यांना दाखवत बसला. शेजारच्या तात्याबांनी विचारलं की पोरगी इतक्या लांब कशापायी चालली, माती इथं न्हाई का. त्यावर महारुद्र म्हणाला म्हणे, माती लई हाय, पण तिला काय दुखतंय ते सांगणारं कोणी न्हाई. हे मला शेजारणीने, भामाबाईने, कानात ओरडून सांगितलं. आपल्या घरातली पोर, आणि मातीची नाडी बघायला शिकणार! अंगावर काटा आला बघ.

एक ऐक. फोटो काढताना डूल, साखळी काढायला सांगतील ते काढ. गळ्यातलं इष्टलिंग मात्र अंगावेगळं करू नकोस. दीक्षा झाल्यापासून ते कधी उतरलेलं नाही. कमरेला बांध हवं तर, पण अंगावर असू दे.

आणि तो फोटो नक्की काय काय दाखवतो गं? जुनं काही असलं तर तेही दिसतं का? आपलं सहज विचारते.

लेकरा, जपून राहा आणि दोन ओळी लिहीत जा.

तुझी आत्या,
नीलम्मा

पुणे, १ जुलै २०२५

ती. आत्यास शरणार्थ. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. तुझं सांगणं पाळलं, फोटोही नीट काढला. दवाखान्यातल्या बाईंनी यंत्राच्या पाटीला मिठी मारून श्वास धरायला सांगितलं, तेवढंच. मग डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला. आत्या, मी मला आतून पाहिलं! काळ्यावर पांढऱ्या बरगड्या, हृदय एका बाजूला कललेलं. तेवीस वर्षं हे सगळं मला न विचारता चाललंय, याचंच नवल वाटत राहिलं.

पण उजवीकडे, खालच्या बरगड्यांपाशी, एक गोल सावली आहे. सुपारीहून मोठी, लिंबाहून लहान. आता तीन सकाळी थुंकी तपासायला द्यायची, आणि पक्का निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. त्यानंतर व्हिसाचे तीन आठवडे. म्हणजे वर्ग सुरू होऊन जातील आणि जागा जाईल. खोकला नाही, ताप नाही. मला लई भीती वाटते आत्या.

तुझ्या मायेवरच सगळा भार आहे.

तुझी,
ईश्वरी

युसूफ वडगाव, ६ जुलै २०२५

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

अक्षर सांभाळून घे. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा मला क्षय झाला होता. तुझी आई शेतात जायची, तू दिवसभर माझ्यापाशी. लाजेपायी मी दोन महिने खोकला अंगावर काढला, आणि तोवर तू माझ्या कुशीतच झोपायचीस. पुढे सहा महिने सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घेतल्या, बरी झाले. महारुद्राशिवाय कोणाला ठाऊक नाही.

लिंगावर हात ठेवून लिहिते, ती सावली माझी आहे. हे पत्र डॉक्टरांना दाखव. म्हणावं, चूक म्हातारीची आहे, पोरीला अडवू नका. मला माफ कर गं.

आत्या

पुणे, ११ जुलै २०२५

ती. आत्यास शतशः शरणार्थ.

आधी रडणं थांबव, मग वाच. लिंगावर हात ठेवून लिहिते, असं तू लिहिलंस ना, ते वाचताना माझाही हात आपोआप लिंगावर गेला. आणि मी उठून उभीच राहिले. त्या दिवशी मी ते वस्त्रात गुंडाळून कमरेला बांधलं होतं. अंगावर काही आहे का असं बाईंनी विचारलं, तर मी नाही म्हणाले. पाटीला मिठी मारताना शिवदोऱ्यासकट लिंग वर सरकलं असणार!

दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली आणि डॉक्टरांना सगळं कबूल केलं. वाटलं, खोटं बोलले म्हणून कायमचा अर्ज नाकारतील. त्यांनी मला लिंग तळहातावर धरायला सांगितलं, स्वतः हात लावला नाही. फूटपट्टीने लांबूनच मोजलं, मग पडद्यावरची सावली मोजली. जुळलं. त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. नंतर म्हणाले की तीस वर्षांत हजारो छात्या पाहिल्या, पण कोणाचा देव फोटोत आलेला आज पहिल्यांदा पाहतो.

मग लिंग मुठीत धरून दुसरा फोटो काढला. स्वच्छ! दोघा डॉक्टरांनी पाहिला, थुंकीची तपासणी रद्द केली आणि सर्टिफिकेट दिलं. अर्जही भरला. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलंय की आत्यांनीही एकदा फोटो काढून घ्यावा, मनावरचं ओझं उतरेल.

ऐकशील ना माझं?

तुझी,
ईश्वरी

युसूफ वडगाव, १६ ऑगस्ट २०२५

चि. ईश्वरीस उदंड आशीर्वाद.

व्हिसा आला म्हणून महारुद्राने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. मी म्हटलं, कागद कुठाय? तर कागद नसतोच म्हणे. साता समुद्रापलीकडचं कुणीतरी नुसतं हो म्हणतं, आणि आपल्या वडगावच्या पोरीला तिथलं दार उघडतं. मी देवळीपुढे दिवा लावला.

तुझं ऐकलं. केजच्या दवाखान्यात जाऊन फोटो काढला. डावीकडे वर एक बारीक पांढरी खूण दिसली. डॉक्टर पोरगा काहीतरी सांगत होता, मला ऐकू येईना. शेवटी त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं: जुना व्रण आहे, केव्हाच भरला आहे, यांच्यापासून कोणालाही धोका नाही. ती चिठ्ठी मी घरी येईपर्यंत हातातच धरली होती.

ईश्वरी, गोळ्या संपल्यावरही माझा भरवसा बसला नव्हता. एकवीस वर्षं मी माझं ताट वेगळं ठेवलं. लहानपणी माझ्या ताटातला घास मागत तू रडायचीस आणि मी तुला रागावून हाकलायची. जिच्यावर जीव आहे तिच्याशीच असं वागावं लागतं, हे तुला कसं सांगणार होते? तू मला सोवळ्याची म्हातारी म्हणत राहिलीस, मी म्हणू दिलं.

विमानाला अजून पंधरवडा आहे. चार दिवस काढून घरी ये, या आत्याची एवढी हौस पुरव. ज्वारीच्या भाकरी करते, शेंगदाण्याची चटणी करते, आणि दोघींना मिळून एकच ताट वाढते.

तुझी आत्या,
नीलम्मा