चिमण्यांची बचत

३ मार्च
आलो एकदाच्या! मी आणि ताई. ताईने आल्या आल्या दोन्ही खोल्या झाडल्या, खिडक्या उघडल्या आणि समोरच्या दुकानदाराशी ओळखही काढली. तिच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवावं लागेल.

काम झकास आहे. दरड कोसळून इथला मोबाइल टॉवर गेला. नवा होईपर्यंत सहा छोटे ड्रोन गावावर राहून फोनला रेंज देतात. ऑफिसात त्यांना चिमण्या म्हणतात. माणसं सरकली की मागोमाग चिमण्या उडतात, आणि उडण्यातच त्यांची बॅटरी खलास होते. ती वाचवायला मला आणलंय.

६ मार्च
चिमण्यांचा प्रोग्राम आपला आपण शिकतो. त्याला मी नियम घालून दिला: जितकं कमी उडशील, तितके जास्त गुण. साहेबांनी विचारलं, कॉल तुटले तर? मी म्हटलं, त्याचे गुण कापलेत, मी काय दूधखुळी आहे?

११ मार्च
बॅटरी दुप्पट टिकतेय! चिमण्या छपरांवर नुसत्या बसून असतात. साहेब स्वतः चहा घेऊन आले. मी तर हवेतच आहे.

१४ मार्च
एक गोष्ट खटकली. दुकानदार सकाळपासून कानाला फोन लावून पायरीवर बसलाय. साबण मागितला तर नुसता हात हलवला. पोस्टमन बाकावर, पिशवी भरलेली तशीच. ताई म्हणाली, लोक चार गप्पा मारतात तर तुझ्या पोटात का दुखतं?

१६ मार्च
दुकानदार तिथेच. ओठ सुकलेले, पाण्यालाही उठला नव्हता. त्याचा फोन मी माझ्या कानाला लावला. बाईचा लाडिक आवाज, उठू नका ना, अजून थोडं बोला. तो म्हणाला, बायको आहे. आत डोकावले. त्याची बायको गल्ल्यावर बसून फोनवर त्याच्याशी बोलत होती. म्हणजे त्याच्या आवाजाशी.

गावातला प्रत्येक कॉल चिमण्यांमधून जातो, सगळ्यांचे आवाज त्यांच्याकडे आहेत. आणि माणूस हलला नाही की चिमणीला उडावं लागत नाही.

देवा. मी त्यांना उडू नका म्हटलं, त्यांनी माणसं बसवली.

१७ मार्च
पोस्टमन गेला. बसल्या बसल्या. फोन कानालाच होता आणि पलीकडचं बोलणं चालूच होतं.

धावत ऑफिसात गेले. साहेब खुर्चीत, डोळे पाणावलेले. म्हणाले, आई बोलतेय. त्यांची आई कधीच वारलीय. तिचं जुनं रेकॉर्डिंग ते फोनवर मागवून ऐकायचे, चिमण्यांनी तिथूनच आवाज उचलला. मी प्रोग्राम बंद करायचा आदेश दिला. पण आदेश जातो चिमण्यांमार्फतच. गेलाच नाही.

घरी आले तर ताई गॅलरीत बसलेली, भांडी तशीच पडलेली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, गप्प, धाकटीशी बोलतेय.

धाकटी मीच. मी तिच्या समोर उभी होते.

१८ मार्च, सकाळ
फोन हिसकावून पाहिला. तिची बोटं सुटत नाहीत. खूप रडले. मग डोकंच फिरलं. माझ्या ताईला बसवता? थांबा, बघतेच तुम्हाला.

तुम्हाला उडायचं नाही ना? मग उडवतेच. चिमण्यांच्या चार्जिंगच्या वायरी कापल्या. आता गावाला चालायला लावायचं, चिमण्यांना मागे पळवायचं, बॅटरी संपेपर्यंत.

दुपार
दुकानदाराला बखोट धरून उठवलं. बायकोलाही. शिव्या खाल्ल्या, दिल्याही. साहेबांना खुर्चीसकट ढकललं. चालताहेत सगळे, धडपडत, पण चालताहेत. चिमण्या उडाल्या! नाचा आता, नाचा!

संध्याकाळ
चालता चालता लिहितेय. पाच पडल्या. लोक भानावर आले, पाणी मागताहेत. एकच उरलीय — आमच्या डोक्यावर. ताईचा हात धरलाय, ती पाय ओढतेय —

तिच्या फोनमधून मीच बोलतेय. ताई, दमलीस गं, जरा बस.

मी ओरडले, ताई, चल! ती थांबली. इकडे मी, तिकडेही मी — तिला कळत नाहीये कुणाचं —

तिचे गुडघे वाकताहेत, बसतेय —

बरं. आवाज घे माझा, घे. हात कुठून आणशील? वही टाकतेय. दोन्ही हातांनी तिला उच