थोरली आणि धाकटी

१७ ऑक्टो. ६४, शनि. लोणावळा.
शेठ म्हणाले, गॅरेजात एकच गाडी ठेवायची. सोमवारी दोन्ही घाट चढवून बघू. दोन्ही आल्फा, इटलीच्या. थोरली लढाईच्या आधीची, आठ सिलिंडर. धाकटी पाच वर्षांची, चार. धाकटी राहिली तर ती शेठचे चिरंजीव स्वतःच चालवतात. मग ड्रायव्हर कशाला हवा?
दोन्ही तपासायला मुंबईहून अंतोन मिस्त्री आला. थोरलीचं बॉनेट उघडलं न् मला म्हणाला, "ड्रायव्हरभाऊ, जरा चहाचं बघा." परतलो तर घाईनं फडकं खिशात कोंबलं. का?

१८, रवि.
खरं लिहायचं तर धाकटी वळणावर हलकी, ब्रेक मऊ. पण स्टिअरिंगचं चाक डावीकडं. पुढच्या ट्रकपलीकडचं दिसत नाही. थोरलीचे ब्रेक सळयांचे, पायात बळ लागतं. अ‍ॅक्सिलरेटर मधोमध, नवखा ब्रेक समजून त्यावरच पाय देईल. पण चढाला ती मागं बघत नाही. माझा कल आधीच ठरलेला, हेही लिहून ठेवतो.
मिस्त्री: "म्हातारी झाली. आता बसवा हिला."
"कुणाच्या दारात?" मी विचारलं. नुसता हसला. गिऱ्हाईक याच्याच ओळखीचं असणार.

१९, सोम.
खोपोलीहून चढताना थोरली खोकायला लागली. दोनदा बंद. धाकटीतून चिरंजीव ओरडले, "काका, दोर आणू का?" ट्रकवाले हसले. सगळ्यांसमोर बोलून गेलो, मिस्त्रीनं हात लावेपर्यंत बरी होती. मला चहाला पाठवून काय केलं ते विचारा.
शेठनी मिस्त्रीला दुपारच्या आगगाडीनं घालवून दिलं. जाताना म्हणाला, "भाऊ, चाळीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं." गुरुवारी पुन्हा चाचणी.

२०, मंगळ.
डेलकोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढलं. आत ओलं कुंकू. करंट भलतीकडं पळत होता. खंडेनवमीला मीच इंजिनाची पूजा केली, वरून तांब्यातलं पाणी शिंपडलं. दरवर्षी करतो. यंदा झाकणाला तडा गेलाय हे पाहिलं नाही.
प्लगांवरचं कुंकू मात्र स्वच्छ पुसलेलं. मी पुसलं नव्हतं. म्हणजे मला चहाला पाठवून तो त्या फडक्यानं माझंच कुंकू पुसत होता, मला खाली बघायला लागू नये म्हणून?
बायकोला सांगितलं. "देवाच्या पान्यानं कुटं गाडी बिगडती व्हय? त्या मिस्त्रीचंच काम. तुमी गप ऱ्हावा."

२२, गुरु.
तडा लाखेनं बुजवला. थोरली एका दमात वर. शेठ खूश. "हीच ठेवायची. काय निघालं आत?"
"ओल," म्हणालो. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.
"त्या मिस्त्रीला पुन्हा फाटकातून आत घेऊ नकोस."
"बरं."
संध्याकाळी एकवीरेचं नाव घ्यायला बसलो. मन लागेना. उठलो.

२३, शुक्र. सकाळ.
दहाला शेठना थोरलीतून मुंबईला न्यायचं. चिरंजीव येत नाहीत. घाट उतरेपर्यंत आम्ही दोघंच. कुंकवाचं सांगायला तेवढा वेळ पुरे.