बन्सीधरची चूक ऐकायची डबी

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी अंघोळ केली, देवपूजा उरकली आणि बन्सीधरची चूक ऐकायला बसलो.

रंगनाथ साऊंडवाल्याने ती परवा मोबाईलवर पाठवली. अकरा वर्षांपूर्वीच्या सप्ताहातलं भजन. जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी त्यात सापडलं म्हणे. सोबत निरोप – ‘मामा, तुमचा ठेका लय भारी हाय त्यात.’ ठेका भारी आहे हे मला रंगनाथने सांगायला नको. मला हवी होती ती पुढची जागा. जिथे बन्सीधर लय सोडतो, मी पखवाज खाली ठेवतो आणि भरल्या मंडपात म्हणतो, ‘आधी मात्रा मोजायला शिक, मग देवापुढं उभा राहा.’

तेव्हापासून तो पुढे उभा राहत नाही. मागच्या रांगेत टाळ वाजवतो.

जुना अँप्लिफायर काढला. डावा स्पीकर मुका आहे, उंदरांनी आत काही कुरतडलं असावं. उजव्यावर ऐकलं. मोबाईलची वायर मी स्वतः जोडलेली, जुन्या माईकची – बाजारच्या वायरींवर माझा विश्वास नाही. तरी घरघर! शेजारी गिरणी चालू असावी तशी. बन्सीधरचा आवाज येतो, माझा पखवाज मात्र विहिरीच्या तळाशी वाजल्यासारखा. चूक येते, पण घरघरीत येते. अशी ऐकवली तर तो म्हणेल, मशीन खराब आहे.

बायको राजेश्री चहा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, ‘भजन ऐकायलाव का पंचनामा करायलाव?’

१२ सप्टेंबर

रामकिशनकाका शिलाईच्या दुकानात आले. आमच्या भजनी मंडळाचे वडीलधारे. सदऱ्याचं कापड काखेत होतं, पण काम वेगळं होतं हे ते बाकावर बसले तेव्हाच कळलं.

कोजागिरीनंतर पहाटेचा काकडा सुरू होईल. म्हणणारा कुणी उरला नाही. ‘बन्सीधरला पुढं उभं करावं म्हनायलेत समदे. तुझं काय म्हननं हाय?’

मी कात्री थांबवली नाही. ‘तो उभा राहिला तर पखवाज दुसऱ्याकडं द्या.’

दुसरा कुणी नाही हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

‘आकरा वर्सं झाली, गोपाळ.’

‘चूक झाली ती झाली. पुरावा हाय माझ्याकडं. दसऱ्यानंतरच्या एकादशीला समदे घरी या, ऐकवतो. मग काय ठरवायचं ते ठरवा.’

काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, ‘बरं. आयकव.’ कापड ठेवून गेले. माप द्यायचं विसरले.

१४ सप्टेंबर, रविवार

राजेश्रीचा भाऊ सिताराम जिंतूरहून आला. याच्या घरी कपाटाएवढे स्पीकर आहेत आणि त्यावर तो लग्नातली गाणी ऐकतो. घरघर ऐकून हसला. ‘दाजी, मोबाईलातून सरळ ऐकायलाव व्हय! डॅक घ्या डॅक.’

डॅक म्हणजे काय ते त्याला सांगता येईना. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं तो मला सांगत होता. तास गेला. त्यातून मला समजलं ते असं – मोबाईलमध्ये गाणं नसतं, आकडे असतात. ते आकडे वाचून त्यांचा आवाज करायला एक डबी लागते. मोबाईलच्या आतही तसलीच असते, पण बारीक, कामचलाऊ. बाहेरची घेतली की स्वच्छ.

एवढंच ना? माझ्या मापाच्या वहीत गावाच्या छात्या-कमरा आकड्यांनी लिहिलेल्या आहेत. वही कुणाला अंगात घालता येत नाही. शिवावं लागतं. हे दोन वाक्यांत सांगायचं सोडून सिताराम म्हणतो, त्याच्या डबीचा आवाज ‘गरम’ आहे. आवाज म्हणजे काय पिठलं आहे?

त्याची डबी माझ्या नव्या शिलाई मशीनपेक्षा महाग. वर लाकडी खोकं. लाकडाने आकडे जास्त नीट वाचता येतात का, असं विचारलं. तो म्हणाला, ‘दाजी, तुमाला न्हाई कळायचं.’

१६ सप्टेंबर

दुपारच्या गाडीने परभणीला गेलो. तीन दुकानं फिरलो.

पहिल्याने एक काळा डबा दाखवला. निळे दिवे, रिमोट, रेडिओही लागतो. ‘ह्योच डॅक हाय मामा.’ मी विचारलं, यात डॅक कुठे आहे? ‘समद्यात असतो.’ दुसऱ्याने बोटाएवढी पिन दाखवली, कानात घालून ऐकणाऱ्यांसाठी. कानात मला एकट्यालाच ऐकू येईल. मला मंडळाला ऐकवायचं आहे. तिसऱ्याकडे सपाट टिनाची एक डबी धूळ खात पडली होती. ना दिवा, ना रिमोट. मागे दोनच भोकं, एक लाल, एक पांढरं. मोबाईलच्याच करंटवर चालते. किंमत दीड सदऱ्याच्या शिलाईएवढी.

‘ही चांगली आहे का?’

‘कुनी नेतच न्हाई मामा, तर काय सांगू?’

तिन्ही दुकानांत खरं बोललेला हा एकच. तरी घेतली नाही. पितृपक्ष आहे. राजेश्रीने निघताना दोनदा बजावलं होतं.

१७ सप्टेंबर. एकादशी.

उपवास. देवळात सगळे एकमेकांच्या पाया पडले. बन्सीधरपाशी आलो तसा त्याला टाळाची दोरी सोडवायची आठवण झाली आणि मला पखवाजाची गवसणी घालायची. अकरा वर्षं आम्ही हे इतकं सफाईने करतो की कुणाच्या लक्षात येत नाही.

१९ सप्टेंबर

झोपण्याआधी मोबाईलवर ते व्हिडिओ पाहिले. सिताराम परवडला! एक जण दोन डब्या पुढे ठेवून डोळे मिटतो, मान डोलावतो आणि म्हणतो, हिच्यात हवा जास्त आहे. दुसरा म्हणतो, पडदा उठल्यासारखं वाटलं. खाली शंभर जण भांडतायत. गाणं कोणतं लावलं होतं हे एकालाही सांगावंसं वाटत नाही. यांना गायचं नाही, वाजवायचं नाही, भजायचं नाही. फक्त ऐकण्याचं ऐकायचं आहे.

मी निदान काहीतरी ऐकण्यासाठी डबी शोधतोय.

२१ सप्टेंबर

बन्सीधर दुकानासमोरून गेला. रेडिमेड शर्ट. खांदा दोन बोटं खाली उतरलेला. माझ्याकडे शिवणं सोडलं तेव्हापासून हा माणूस दुसऱ्याच्या अंगातला शर्ट घालून हिंडतो. अंगावरच्या कापडाचं माप ज्याला कळत नाही, त्याला मात्रेचं काय कळणार?

देवा, आणखी काही दिलं नाहीस तरी चालेल. बन्सीधरसारखा बेफिकीर करू नकोस.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. आज टिनाची डबी आणली. सोबत लाल-पांढरी वायर आणि मोबाईलला लावायचा पिनेचा तुकडा. दुकानदाराला मी आठवत होतो. ‘नेली का शेवटी,’ म्हणाला.

सितारामला फोनवर सांगितलं. त्याने किंमत विचारली आणि फोन ठेवून दिला. त्याच्या घराण्यात स्वस्त वस्तू म्हणजे सुतक.

२५ सप्टेंबर

डबी खोक्यातच. दसऱ्याचे कपडे अंगावर आलेत. हेच लोक वर्षभर रेडिमेड घेतात आणि सणाच्या आठ दिवस आधी त्यांना शिंपी आठवतो.

२८ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस थांबत नाही. वीज नाही. सोयाबीन पाण्यात. कुणी कपडे न्यायला येत नाही, न्यायला सांगायची लाजही वाटते.

३० सप्टेंबर

रात्री वीज आली. उद्या जोडणार.

१ ऑक्टोबर, बुधवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी जुनी वायर काढली, नवी लावली. लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे. भजन सुरू केलं आणि डावा स्पीकर वाजला. माझा मुका स्पीकर! मी उठून त्याला हात लावून पाहिला. थरथरत होता. उंदरांनी काही खाल्लं नव्हतं. माझी ती घरी जोडलेली वायर एकाच अंगाची होती. निम्मंच गाणं आणत होती.

रंगनाथला फोन केला. तो म्हणाला, ‘व्हय मामा, तवा दोन माईक व्हते. उजवीकडं बन्सीमामा, डावीकडं तुमचा पखवाज. दोन्ही येगळं धरलंय म्या.’

म्हणजे इतके दिवस मी माझा पखवाज ऐकलाच नव्हता. बन्सीधरच्या माईकात लांबून शिरलेला तेवढा ऐकला होता.

आता स्वच्छ. बोटं कुठे पडली ते कळावं इतकं. डाव्या पुडीवर थापलेल्या कणकेचा भरलेला आवाज. मी खूश झालो, खोटं कशाला लिहू? मग ती जागा आली.

मी ठेका सोडून मध्येच एक तुकडा घेतलेला आहे. गरज नव्हती. लोक बसले होते म्हणून घेतला. आणि समेवर एक मात्रा आधी उतरलो.

बन्सीधर जिथे होता तिथेच होता. पुढच्या ओळीत त्याने एक शब्द ओढला, माझ्या ठेक्याला जुळवून घ्यायला. म्हणजे मला सावरायला. मी त्याच ओढण्याला चूक म्हणून पखवाज खाली ठेवला.

सात वेळा ऐकलं. दर वेळी बोटांवर मात्रा मोजल्या. आठव्या वेळी राजेश्री दारात उभी होती. तिलाही मोजता येतं.

२ ऑक्टोबर. दसरा.

रंगनाथचा कॉम्प्युटर भंगारात गेला. हे भजन आता माझ्या मोबाईलात आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही. पुसायचं तर एका बोटाचं काम. रामकिशनकाकांना सांगायचं, पावसात मशीन बिघडलं.

बोट दोनदा तिथपर्यंत गेलं. जो माणूस दुसऱ्याच्या कपड्याची चूक उसवून दाखवतो, त्याला स्वतःची उसवायला एवढं जड जावं!

संध्याकाळी सोनं वाटायला गावात गेलो. बन्सीधरच्या दारावरून गेलो. आपट्याची पानं मुठीत होती. ती तशीच घरी आली.

राजेश्री म्हणाली, ‘उद्या समद्यांना बोलावलंय तुमी. त्यालाबी बोलवा. तो नसताना काय ऐकवायचं?’

३ ऑक्टोबर. एकादशी.

ऐकवलं. दोन्ही स्पीकर लावून, बन्सीधरला समोर बसवून. ती जागा आली तेव्हा मीच मोठ्याने मात्रा मोजल्या आणि म्हणालो, चूक माझी आहे.

बन्सीधरने मान हलवली. ‘मला तवाच कळलं व्हतं.’

‘मग सांगितलं का न्हाईस?’

‘तुला? तू काय ऐकणारा माणूस व्हय?’

रामकिशनकाका हसले. मग सगळेच. मी बन्सीधरच्या पाया पडलो. तो माझ्या पडला.