पुरुष असं करत नाही

३ मार्च, सोमवार

पोचले. बस तासभर उशिरा आली, पण खोली पाहिल्यावर राग गेला. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल, आणि टेबलाचे चारही पाय सारखे. मुद्रितशोधकाला याहून जास्त काय हवं? बत्तीस वर्षं छापखान्याच्या कोंदट माडीवर बसून दुसऱ्यांच्या चुका वेचल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी उजेडात बसवलं आहे.

काम दोन महिन्यांचं. लेखिकाबाईंची ही सत्ताविसावी प्रेमकादंबरी. अक्षर असं, की छापखान्यात कुणी हात लावायला तयार नाही. तेव्हा त्यांनी लिहायचं, मी स्वच्छ प्रत करायची, होतील ती प्रकरणं छापखान्यात धाडायची आणि तिकडून आलेली मुद्रितं तपासायची. राहणं-जेवण इथेच. बाई सत्तरीच्या, गोल, चटपटीत. बोलता बोलता माझी बॅग स्वतःच उचलून जिना चढल्या. घरात आणखी दोघं: सगळं सांभाळणाऱ्या मावशी, आणि बाईंचे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले असतात. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. गंमत म्हणजे खोलीत येईपर्यंत त्यांचा चेहरा मी विसरले होते. चेहरे मी सहसा विसरत नाही.

लेक कालपासून हसते आहे. म्हणे, आई आणि प्रेमकथा! नायिकेला आधी शुद्धलेखनाची परीक्षा द्यावी लागणार. हे म्हणाले की नायकाची दया येते, त्याला अनुभवी माणसाचा सल्ला हवा असेल तर माझा पत्ता दे. हेडमास्तर म्हणतात मला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून.

५ मार्च, बुधवार

तीन प्रकरणं उतरवली. नायिका ठीक, तिला निदान भूक तरी लागते. नायक मात्र लाकडी. अकरा वेळा त्याचे डोळे खोल आहेत, चार वेळा तो गूढ हसतो. कामावर निघताना दारात थांबून क्षितिजाकडे बघतो. क्षितिजाकडे! डबा हातात घेऊन! माझ्याने राहवलं नाही. समासात लाल पेन्सिलीने लिहिलं: पुरुष असं करत नाही. आणि काय करतो, तेही लिहिलं. दारातून दोनदा परत येतो. एकदा चष्म्यासाठी. दुसऱ्यांदा कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसतं. आत येतो, बायको जागेवर आहे ना तेवढं बघतो, घोटभर पाणी पितो आणि जातो. आमचे हे तीस वर्षं असेच घराबाहेर पडतात.

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या की मास्तरीणबाई, मेले टीकाकार दहा वर्षं ओरडतायत की माझे नायक पुतळे झालेत, तुम्ही होतात कुठे इतके दिवस? दुपारच्या आत परिच्छेद नव्याने लिहून झाला. प्रत करताना मला चक्क कौतुक वाटलं. तो माणूस आमच्याच दारातून निघाला होता.

८ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. आमच्या घराजवळच राहते, रोज फेरी मारते. म्हणाली की बाबा वाचनालयात गेले ते चष्मा घरीच ठेवून. दोन तास वर्तमानपत्र नुसतं धरून बसले होते. दारातून परत कसे नाही आले, विचारलं तर म्हणाले, परत कशाला यायचं?

मी म्हटलं, बरं झालं, सुधारले. तीही हसली.

११ मार्च, मंगळवार

बाई चहाच्या वेळी यांच्याबद्दल विचारतात. ऐकतात फार छान, मध्ये एक शब्द बोलत नाहीत. आज मी यांचं हसणं सांगितलं. स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आतच हे हसायला लागतात. आधी खांदे हलतात, मग आवाज येतो, मग डोळ्यांतून पाणी, आणि विनोदाचा शेवट काय होता ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. अर्धा तास बोलत होते मी. यांच्याबद्दल इतकं मी कधी कुणापाशी बोललेले नाही. यांच्यापाशी तर मुळीच नाही. जिना चढताना लक्षात आलं, की मी गुणगुणत होते. या वयात!

आठव्या प्रकरणात नायक पहिल्यांदा हसला. प्रत करताना मलाही हसू आलं.

१४ मार्च, शुक्रवार

यांचा फोन. एक विनोद सांगितला. मी नेहमीप्रमाणे वाट पाहत राहिले, आणि हे विनोद शेवटपर्यंत सांगून थांबले. तीस वर्षांत पहिल्यांदा शेवट ऐकला. अगदीच फालतू होता.

बरं नाही का, विचारलं. बरा आहे म्हणाले.

१७ मार्च, सोमवार

मन कामात नाही. परवा मी बाईंना सहज सांगून गेले, की फळ कापलं की हे गोड बाजूची फोड न बघता माझ्याकडे सरकवतात. आणि हेडमास्तर म्हणतात तेही. दोन्ही गोष्टी दहाव्या प्रकरणात आल्या. काल यांचा फोन आला. हेडमास्तर म्हणाले नाहीत. हाक मारायला शब्द सापडत नसल्यासारखे फोनमध्ये नुसते श्वास घेत राहिले. शेवटी म्हणाले, कोण, आपण?

लेक म्हणते, डॉक्टरांना दाखवलं. रक्त, हृदय, मेंदू, सगळं ठीक आहे. म्हणाली, आई, बाबा आजारी नाहीत गं. बाबा कमी झालेत.

१९ मार्च, बुधवार

मावशी व्हरांड्यात दादांना भरवत होत्या. मी उगाच विचारलं, पहिल्यापासून असेच का? मावशींनी आधी जिन्याकडे पाहिलं. म्हणाल्या की बाई गं, ह्यांची शीळ ऐकून गल्लीतल्या पोरी खिडक्या उघडायच्या. नाचल्यासारखे चालायचे. लोकांच्या अशा नकला करायचे की पोट दुखायचं. बाईंचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा शीळ बंद झाली. तिसऱ्या पुस्तकानंतर ते उठलेच नाहीत.

कपाटातून ती तीन पुस्तकं काढली. उभ्या उभ्या चाळली. पहिल्याचा नायक शीळ घालतो. दुसऱ्याचा नाचल्यासारखा चालतो. तिसरा नकला करतो, आणि मीही, एवढी घाबरलेली असूनही, एका ठिकाणी मोठ्याने हसले. पुस्तक मिटलं तर दादा काचेतून माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते.

बाईंचे यजमानही होते, म्हणे. चौथ्या पुस्तकापासून नवव्यापर्यंत पुरले.

२० मार्च, गुरुवार

बाईंना तोंडावर विचारलं. नाकारतील अशी आशा होती.

नाकारलं नाही. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुमचे हे आणखी किती वर्षं हसणार? दहा? बारा? पुस्तकात कायम हसतील, आणि हजारो बायका ते ऐकतील. मी विचारलं, आणि मी? मी काय ऐकू? त्या म्हणाल्या की पहिली गोष्ट तर तुम्ही न मागताच दिलीत, मास्तरीणबाई. समासात.

खरं आहे. माझंच अक्षर. माझीच लाल पेन्सिल.

बॅग भरली. पुन्हा रिकामी केली. जाऊन काय करू? हे घरी नाहीत. हे इथे आहेत, खालच्या टेबलावर, दहा प्रकरणांत. त्यांना सोडून जाऊ?

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी छापखान्यातून पहिल्या आठ प्रकरणांची मुद्रितं आली. मला मार्ग दिसला. बत्तीस वर्षं मी हेच केलं आहे: नको तिथे आलेला मजकूर काढून टाकायचा. पुस्तकात गेलं म्हणून यांच्यातून गेलं. मग पुस्तकातून काढलं की परत जाईल. सरळ हिशेब.

हसण्याच्या नऊ ओळी आधी काढल्या. मुद्रितात लाल रेघ, समासात खूण, हस्तलिखिताचं ते पान फाडून चुलीत. पहिल्या प्रकरणातलं दारातून परत येणं उद्या काढीन. आधी फोन करून बघते, हसतात का.

२२ मार्च, शनिवार

हसले नाहीत.

लेकीला विचारलं, बाबांच्या हसण्यात काही फरक? ती म्हणाली, कसलं हसणं? मी म्हटलं, अगं, ते हसायचे तसं. ती म्हणाली, आई, बाबा कधी हसायचे? तिला आठवेना. ती थट्टा करत नव्हती. रडकुंडीला आली होती.

मी सांगायला गेले, कसं हसायचे ते. आणि —

याच वहीत ११ तारखेचं पान उघडलं. खांदे हलतात, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. अक्षर माझं आहे. वाक्य शुद्ध आहे. ऐकू काहीच येत नाही. परक्या माणसाबद्दल कुणी लिहून ठेवावं तसं.

परत गेलं नाही. ते जिथे उरलं होतं तिथूनही मी पुसलं. मी. माझ्या हाताने.

२३ मार्च, रविवार

आता एकही अक्षर हलू द्यायचं नाही. सगळी मुद्रितं आणि पुढच्या प्रकरणांच्या प्रती तीनतीनदा तपासल्या. दारातून दोनदा येणं — आहे. फोड सरकवणं — आहे. हेडमास्तर — आहे. एक स्वल्पविराम निसटलेला होता, तो घातला. यांचा एवढाच देह उरला आहे, तो नीट छापला गेला पाहिजे.

२४ मार्च, सोमवार

बाई म्हणतात शेवटचं प्रकरण अडलं आहे. नायक तिच्याकडे बघतो कसा, ते सापडत नाही. ते नसेल तर पुस्तक उभं राहत नाही, आणि उभं न राहिलेलं पुस्तक त्या ठेवत नाहीत. दोन हस्तलिखितं पूर्वी जाळली आहेत. त्यातल्या माणसांचं काय झालं, मी विचारलं. बाई म्हणाल्या, कुठल्या माणसांचं?

धमकी नव्हती. खरोखरच आठवत नव्हतं त्यांना.

सांगितलं तर तेही गेलं. नाही सांगितलं तर सगळं चुलीत. उद्यापर्यंत विचार करा म्हणाल्या. वर चहा पाठवला.

२५ मार्च

लेकीचा फोन. हे आता बोलत नाहीत. खुर्चीवर बसवलं की बसतात. पण एक गोष्ट आहे गं, म्हणाली. आई म्हटलं की मान वर करतात. आणि असे बघतात —

पुढे बोलू नकोस, मी ओरडले. बाई जिन्यात होत्या.

तेवढं तरी यांच्यापाशी आहे. तेवढंच आहे. माझ्याकडे बघणं. मी कधी त्याला उत्तर दिलं नाही. मुद्रितांतून मान वर काढून म्हणायचे, काय बघताय, कामं नाहीत का.

नाही सांगणार. जाळू देत.

नाही — जाळलं तर मला हेडमास्तर कोण म्हणेल, त्याच्याशिवाय? म्हणजे यांच्याशिवाय. यांच्याशिवाय म्हणायचं होतं मला.

लेक पुन्हा. म्हणाली, तुला भेटले तर बरे होतील, मी घेऊनच येते, गाडी ठरवली. नको म्हटलं. आणू नकोस, इथे आणू नकोस. ती म्हणाली, तुला काय झालंय, स्वतःचा नवरा नको झालाय का? फोन आपटला. मग लागतच नाही. सकाळपासून लावते आहे. वीस वेळा.

२६ मार्च

फाटकाशी गाडी. मी वरच आहे. खोलीत, जमिनीवर, खिडकीखाली. उतरणार नाही. मी दिसलेच नाही तर हे बघणार नाहीत. लिहिते आहे, हात रिकामे राहिले तर उठेन म्हणून —

लेक हाका मारते. आई. ए आई. खाली ये ना गं.

नको मारूस हाका. आई म्हणू नकोस.

बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. एक शब्दही नाही. मी घट्ट आहे.

डोकावले. डोळ्यांपुरती. हे बागेच्या वाटेवर. शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत. मावशी दादांच्या शेजारची खुर्ची पुसतायत —

शेजारची खिडकी उघडली. बाई. वही कठड्यावर. पेनाचं टोपण दातांत. वाकून बघतायत, खाली, यांच्याकडे —

सांगायची गरजच नव्हती. त्या स्वतःच —

लेक पुन्हा ओरडली. हे मान वर करतायत. अहो, नको. मी इथे नाहीये. खाली बघा, अहो, खाली, माझ्याकडे नका —