इथे विनिफ्रेड निजली आहे

सॅन फ्रान्सिस्को, ३ मार्च १८९७
नोकरी लागली! अनाथाश्रम सुटल्यावर पहिल्यांदाच माझी स्वतःची खोली, खिडकीतून खाडी दिसते. काम पाइकसाहेबांचं लिखाण टाइप करण्याचं. दर रविवारी ते वर्तमानपत्रात जिवंत माणसांवर टर म्हणून त्यांच्या थडग्यावर कोरायच्या ओळी लिहितात. ज्याची टर उडते तो आधी शिव्या घालतो, मग कात्रण चौकटीत बसवून दुकानात लावतो. या शहरात तो मानच समजतात. साहेबांची जीभ भारी तिखट. माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आजच म्हणाले. स्वयंपाकीण मिसेस डोलनने कालवांचं सूप केलं होतं. मी दोनदा घेतलं.

११ मार्च
वरची खोली बंद का, ते मिसेस डोलनने सांगितलं. ती साहेबांच्या मुलाची, नेडची. सोळाव्या वाढदिवसाला त्याने हट्टाने आपल्या थडग्याच्या ओळी साहेबांकडून लिहून घेतल्या आणि आठवड्याभरात वारला. ती म्हणाली, साहेब ज्यांचा द्वेष करतात ते सगळे ओळी लिहूनही ठणठणीत आहेत. जीव लावला तो तेवढा गेला. मी हसण्यावारी नेलं.

२ एप्रिल
आज माझा वाढदिवस. मीही ओळी मागितल्या. साहेबांनी साफ नकार दिला. माझ्यासाठी जन्मात कुणी एक ओळ लिहिली नाही, असं मी बोलून गेले. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "घे लिहून. तुझ्यावर माझा काडीचा जीव नाही, तेव्हा तुला भीती नाही."
इथे विनिफ्रेड निजली आहे. शेवटी एकदाची गप्प.
हसून पोट दुखलं. कागद उशाशी लावलाय.

५ एप्रिल
ताप. घसा सुजलाय. डॉक्टर साहेबांशी बाहेर बोलले. साहेब आत येत नाहीत, दारातच उभे —

६ एप्रिल
आवाज गेला. कागद साहेबांनी फाडला. मला नेडच्या खोलीत आणलंय. भीती वाटते. मला मरायचं नाही —

७
साहेब हात धरून बसलेत. "तू गबाळी आहेस. वटवटी आहेस. मला तू नको आहेस, पोरी, कळलं? मुळीच नको." पुन्हा पुन्हा तेच. डोळ्यांना धार लागलीय. खोटं धड बोलता येत नाही त्यांना.
माझं कुणीतरी होतं. त्यांना सांगायचंय — आवाज नाही — हे पान दाखवीन —
बाबा, मी